खुर्ची, खाट आणि टोपली

तटस्थ माणसांचा मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की ही आबांबद्दल प्रेमाने लिहायला बसली आणि मध्येच भांडायला लागली. मी भांडायलाच बसले आहे. प्रेम आलंच तर ते माझ्या नाइलाजाने येईल.

शहाद्यात खताच्या दुकानावर दोन खोल्या, ते आमच्या संघटनेचं कार्यालय. सातपुड्यातल्या पाड्यांचे वनहक्काचे दावे आम्ही तयार करतो. कसत असलेल्या जमिनीची मोजणी, नकाशा, शेजाऱ्यांची नावं, म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी. कायदा सांगतो की दावा करणारा सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याने 'ही जमीन हेच कसतात, मी पाहिलंय' असं लिहून दिलं, तर तो पुरावा. वरच्या पाड्याच्या गुलीबाईकडे तेवढाच पुरावा होता. नाल्याकाठचं तिचं शेत, नवरा गेलेला, वनखात्याच्या दंडाची जुनी पावती घरात पावसाने कुजलेली. आणि साक्ष द्यायला एक ओल्याबाबा. बाकी तिच्या सासऱ्याच्या वेळचं माणूस पाड्यात उरलंच नव्हतं.

हे सगळं आम्ही एका कॉलेजने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरांवर करायचो. ते कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला आबा आले.

आबा कळसाडीचे. आता बंद पडलेल्या एका सूतगिरणीत त्यांनी जन्मभर कॉम्प्युटर सांभाळले. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून आमच्याकडे यायला लागले. पगार नको, प्रवासखर्च नको, सत्कार तर नकोच. लुनावरून यायचे, खिशात टेस्टर, डब्यात भाकरी. आल्या आल्या दारात हात पुढे करायचे. पेन ड्राइव्ह काढा. पेन ड्राइव्हला ते गोचीड म्हणत. "या ढोरवरथीन त्या ढोरवर जास, नि रोग लई येस," असं म्हणून ती गोचीड ते दारातल्या डब्यात टाकायला लावत. तहसील कचेरीतून आलेल्या एका बाईंना त्यांनी "आधी गोचीड काढा" असं सांगितलं होतं, आणि त्या बाई पदर झटकायला लागल्या होत्या.

कॉम्प्युटरांना त्यांनी गावांची नावं दिली होती. मोठा, ज्यात सगळ्या फाइली, तो धानोरा. फोनवर कोणी ऐकलं तर घाबरून जाईल अशी आमची भाषा झाली होती. "धानोरा बंद पडलंय." "धानोऱ्याला धूळ फार झालीय, झाडून काढ." उन्हाळ्यात खोली भट्टी व्हायची, तेव्हा आबा ओलं गोणपाट खिडकीला बांधायचे. आमच्या खिडकीला नाही. धानोऱ्याच्या.

"आणि आम्ही, आबा?"

"तुम्हीन बोली सकतस. त्याले बोलता येत नही."

आता त्यांचा मुख्य गुण. किंवा अवगुण, तुम्ही ठरवा.

आबा कधीही, कशावरही, स्वतःचं मत देत नसत. चहा की कॉफी विचारलं तर चहाचे फायदे सांगत, मग कॉफीचे, मग दोन्हींनी पित्त होतं हे सांगत, आणि येईल ते पीत. मुलीला दोन स्थळं आली, तर त्यांनी दोन्ही मुलांचे गुणदोष तिच्यासमोर सांगितले आणि ओट्यावर जाऊन बसले. बायको बाहेर येऊन म्हणाली, "आहो, बाप शेतस ना तुम्ही?" तर म्हणे, "म्हनीसनच बाहेर बठनू." मुलीने निवडलं. संसार चांगला चाललाय. त्यामुळे आबांची खात्री आणखी पक्की झाली.

एक वाक्य होतं त्यांचं. "गुण सांगसू, दोष सांगसू. नाव सांगाव नही."

मी एकदा खोदून विचारलं तेव्हा कारण कळलं. गिरणीत असताना कॉम्प्युटर जोडणीसाठी दोन विक्रेते आले होते. संचालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, कोणता चांगला? आबा तरुण होते, नाव सांगून बसले. दुसरा विक्रेता नेमका एका संचालकाचा भाचा. त्या हंगामात आबा कॉम्प्युटरच्या खोलीतून गोदामात गेले, कापसाच्या गाठींचं वजन करायला. "एक डाव नाव सांगं, तं काटावर जाई पडनू," ते हसून सांगत. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, मग भांडायचं ना, युनियनकडे जायचं. ते म्हणाले, "तू पत्रकवाली शे. तुले भांडण लिखता येस. माले वायर जोडता येस."

पत्रकवाली हे त्यांनी मला ठेवलेलं नाव. आमच्या सगळ्या पत्रकांचा मजकूर मी लिहायचे, म्हणून.

तर कॉम्प्युटर जोडले गेले, आणि प्रश्न आला की फाइली एकमेकांना द्यायच्या कशा. आम्हाला वाटलं होतं की वायर लावली की झालं. आबा म्हणाले, वायर म्हणजे रस्ता. रस्त्यावरून कसं चालायचं त्याची रीत वेगळी. तिला प्रोटोकॉल म्हणतात. रिती तीन आहेत, एक निवडायला लागेल.

"मग निवडा," मी म्हटलं.

त्यांनी निवडणूक लावली.

मी चेष्टा करत नाही. आमच्या संघटनेत सगळं बैठकीत, हात वर करून ठरतं. कंदील कोणाच्या घरी ठेवायचा इथपासून मोर्चा कधी काढायचा इथपर्यंत. याचा आम्हाला अभिमान आहे, अजूनही आहे. आबांनी ती रीत मनावर घेतली. तीन उमेदवार, तीन निशाण्या. पुठ्ठ्यावर रंगीत खडूने चित्रं काढून आणली. खुर्ची, खाट, टोपली. भिंतीला लावली, एका उंचीवर, अंतर पट्टीने मोजून, म्हणजे कोणाला झुकतं माप नको. आम्ही सतरंजीवर बसलो आणि ते उभे राहून बोलायला लागले. सभेत ते शाळेतल्या मराठीत बोलत.

"उमेदवार पहिला. एसएमबी. निशाणी खुर्ची. फाइल धानोऱ्यातच राहील, तिथेच जाऊन लिहायचं. एक जण लिहायला बसला, की दुसऱ्याने उभं राहून नुसतं वाचायचं. तो उठला की मग तुम्ही. दर वेळी आपलं नाव आणि परवलीचा शब्द. दोष: वीज गेली, धानोरा बंद पडला, की सगळेच उभे."

"उमेदवार दुसरा. एनएफएस. निशाणी खाट. अंगणात टाकलेली. ओळखीच्या घरातून आलात ना, बसा. माणसाला फार विचारत नाही, घर ओळखतो. चालायला वेगवान. दोष: सगळे कॉम्प्युटर एका जातीचे असले तर बरं. आपले दोन वेगळ्या जातीचे आहेत."

"आबा, संघटनेत जात काढू नका!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा. आबा थांबले, हशा संपल्यावर पुढे गेले.

"उमेदवार तिसरा. एफटीपी. निशाणी टोपली. फाइलीची नक्कल टोपलीत घालून आपल्या घरी न्यायची, काम करायचं, परत आणून ठेवायची. वीज गेली तरी लॅपटॉपवर काम चालू. दोष: दोघांनी एकच फाइल नेली, तर जो शेवटी आणून ठेवतो त्याची राहते. आधीच्याची जाते. टोपली कोणाला सांगत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात त्यांनी खाटेचा वेग सांगितला होता. तोच सूर, तीच गती. नंतर मी कितीदा तरी आठवून पाहिलंय. कुठे थांबले होते का? आमच्याकडे बघितलं होतं का? नाही. पट्टीने मोजल्यासारखं बोलले.

जयसिंग आमचा वरच्या पाड्याचा कार्यकर्ता, पावरी बोलणारा, साक्षी लिहून घ्यायचं काम त्याचं. त्याला सगळ्यात आधी कळलं. "खुर्ची म्हणजे गवतावरचा दगड," तो म्हणाला. आम्ही विचारलं, म्हणजे? "डोंगरात कोणी गवत कापून ठेवलं आणि वर दगड ठेवला, तर दुसरा हात लावत नाही. दगड काढेपर्यंत ते त्याचं."

"वा!" सुनंदाताई म्हणाल्या. त्या शहाद्याच्याच, शेजाऱ्यांच्या नावांचं आणि कागदपत्रांचं काम बघायच्या. "पण भाऊ, तुझ्या डोंगरात दगडाला वीज लागत नाही. इथे दुपारी तीन तास जाते. तेव्हा काय, सगळ्यांनी उभं राहायचं?"

"आणि खुर्चीला मत?" मी म्हटलं. "आपण? आपण खुर्चीविरुद्ध पत्रकं काढतो."

पुन्हा हशा. मग जयसिंगने सरळ विचारलं. "आबा, तुम्ही कोणाला द्याल?"

"मी निवडणूक अधिकारी शे," आबा म्हणाले. "अधिकारीले मत नसतं."

हात वर झाले. टोपली. दोन हात खाटेला. खुर्चीला एकही नाही, जयसिंगचाही नाही. आबांनी हात मोजले, पुठ्ठे उतरवले आणि टोपली बसवायला लागले. अगदी मन लावून बसवली. कुठे कसर नाही ठेवली. मनाविरुद्ध काम करणारी माणसं कुठेतरी राग काढतात. आबांनी तेवढाही काढला नाही. फक्त एक नियम घातला. फाइल नेण्याआधी ओरडायचं. सुरुवातीला आम्ही ओरडायचो. "वरचा पाडा नेतेय होऽऽ!" खालून खतवाला विचारायचा, "कुठे नेताय?" मजा यायची. मग पत्रकांचं काम वाढलं, मोर्चा आला, ओरडणं हळूहळू बंद पडलं. असे नियम बंदच पडतात. हे आबांना ठाऊक नव्हतं? गिरणीत जन्म गेलेल्या माणसाला?

ओल्याबाबा बाजाराच्या दिवशी खाली आला. जयसिंगने त्याला खुर्चीवर बसवला, तो उतरून खाली बसला. मग जयसिंग विचारत गेला, तो पावरीत बोलत गेला आणि जयसिंग मराठीत टाइप करत गेला. गुलीच्या सासऱ्याने नाल्याकाठी दगडांची ताल, म्हणजे बांध, घातली तेव्हा मी गुरं राखायचो. पहिल्या वर्षी तिथे भादी, डोंगरातलं बारीक धान्य, पेरली. रानडुकरांनी खाल्ली. दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून राखणीला माळा बांधला. असं बारीकसारीक. मध्येच तो हसायचा, जयसिंगही हसायचा, मला कळायचं नाही पण बरं वाटायचं. अंगठा नंतर घ्यायचं ठरलं. पाड्यातल्या सगळ्या साक्षी पुऱ्या झाल्या की छापून वर न्यायच्या, एकाच दिवशी अंगठे. आमची तीच पद्धत होती.

त्याच सकाळी पलीकडच्या खोलीत सुनंदाताईंनी वरच्या पाड्याची तीच फाइल टोपलीतून नेली होती. शेजाऱ्यांची नावं दुरुस्त करायला. जयसिंगने आपली दुपारी आणून ठेवली. त्यांनी आपली संध्याकाळी आणून ठेवली. दोघांनीही काम चोख केलं होतं. मग आबांनी नेहमीप्रमाणे धानोऱ्याची दुसऱ्या डिस्कवर प्रत घेतली, पुसून गेल्यानंतरची. जयसिंगच्या कॉम्प्युटरवरची नक्कल त्याने पुढच्या वेळी तीच फाइल नेली तेव्हा पुसली गेली.

पावसाळ्यात ओल्याबाबा गेला. सुनावणीची तारीख आली तेव्हा जयसिंग साक्षी छापायला बसला. बाकीच्या होत्या. ओल्याबाबाच्या नावाखाली कोरं पान आलं.

जयसिंगला ती साक्ष जवळजवळ तोंडपाठ होती. पण जयसिंगच्या तोंडाला कायद्यात किंमत नाही. ओल्याबाबाचा अंगठा हवा होता, आणि ओल्याबाबा नाल्यापलीकडे पुरलेला होता. त्या दिवशी त्याच्या तोंडून उतरवलेला मजकूर असता, तर अंगठ्याविना का होईना, समितीपुढे ठेवता आला असता.

काय झालं ते आबांनी थोड्याच वेळात शोधून काढलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. त्याच सुरात. सुनंदाताई रडायला लागल्या. मग मला राहवलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी सांगं व्हतं ना. दोष सांगा व्हता."

"ते नाही विचारत. टोपली आपल्यासाठी वाईट आहे, खुर्ची घ्यायला हवी, हे तुम्हाला माहीत होतं?"

ते टेस्टरचं टोपण काढत-घालत राहिले. "माहीत व्हतं."

"मग बोलला का नाहीत? आम्हाला काय कळतं यातलं? आम्ही चित्रं बघून हात वर केले, आबा! ज्याला कळतं तो गप्प बसला, तर आमच्या हातांना काय अर्थ?"

"तुम्हीन सगळा मिळीसन ठरायं. मी मधमा बोलतू तं..."

"तर आम्ही तुम्हाला काट्यावर पाठवलं असतं?"

हे मी बोलायला नको होतं, असं लोक म्हणतील. मी आजही बोलेन. पण त्यांचा चेहरा मला आवडला नाही तेव्हा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे दोन बाजू नव्हत्या.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. दुसऱ्या दिवशी आले आणि कोणाला न विचारता टोपली काढून खुर्ची बसवली. बैठक नाही, हात नाहीत. सगळ्यांच्या हातात परवलीचे शब्द ठेवले. कोणीतरी म्हणालं, "ठराव?" आबा म्हणाले, "नही." बस.

दुसरं, वरच्या पाड्याला मी स्वतः सांगायला येतो म्हणाले. जयसिंग आणि मी नको नको म्हणत होतो, त्यांचे गुडघे गेलेले. जीप जिथपर्यंत जाते तिथून पुढची चढण ते बसत-उठत चढले. गुलीबाई मक्याची कणसं सोलत होती. आबांनी तिला सगळं सांगितलं; जयसिंग पावरीत सांगत गेला. फाइल, नक्कल, टोपली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. ती सगळ्यांना 'तू' म्हणते, तिच्या बोलीत 'तुम्ही' नाही.

"ओल्याबाबाचं बोलणं परत आणशील?"

"नही," आबा म्हणाले.

तिने मान हलवली आणि पुढचं कणीस उचललं. जाताना आम्हाला थोडी कणसं बांधून दिली. आबांनी ती घेतली नाहीत. जयसिंग चिडला. "घ्या. आमच्यात नाही म्हणत नाहीत." मग घेतली.

सुनावणीला आबा आले. मी बोलावलं नव्हतं. प्रांत कचेरीच्या त्या खोलीत समितीचे साहेब टेबलामागे, आम्ही भिंतीकडेला. गुलीबाईचा नंबर आला. जयसिंगने सांगायचं ते सांगितलं. साहेब वाईट नव्हते, घाईत होते. "साक्ष आहे का?" नाही. "मग मी काय लिहू?"

तेवढ्यात आबा उभे राहिले.

"ही जमीन हिची आहे," ते म्हणाले. मोठ्याने, स्पष्ट, शाळेतल्या मराठीत. ना गुण, ना दोष. सरळ नाव. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही कोण? त्याच गावचे?"

"नाही. कळसाडीचा."

"तुम्ही पाहिलंय का हिच्या घरच्यांना तिथे कसताना?"

आता हो म्हणायचं होतं. मी असते तर म्हटलं असतं, लाज न वाटता. आबा साहेबांकडे बघून म्हणाले,

"नाही."

"मग बसा."

ते बसले, आणि बसल्यावर रडायला लागले. आवाज न करता, पण खांदे हलत होते, आणि साहेबांनी ते पाहिलं. दावा फेटाळला नाही, पण 'पुरावा सादर करावा' म्हणून पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर गुलीबाई जयसिंगशी पावरीत काहीतरी झरझर बोलली. मी विचारलं, काय म्हणते? जयसिंग सांगेना. मी पुन्हा विचारलं.

"म्हणते, पुढच्या वेळी या म्हाताऱ्याला आणू नका. तो रडला की साहेबाला वाटतं आपण हरलो."

आबा तीन पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं.

त्यानंतर ते कार्यालयात आले नाहीत. फोन उचलत, तब्येत विचारली की बरी आहे म्हणत, धानोरा चालतोय का विचारत. चालतोय, मी सांगे. खुर्ची उत्तम चालते. जयसिंग लिहायला बसला की माझ्या पडद्यावर येतं, ही फाइल जयसिंगने उघडली आहे, आणि मी थांबते. वीज गेली की सगळे उभे राहतो. सवय झाली. या ना, मी म्हणायचे. येईन, ते म्हणायचे.

दरम्यान आम्ही गुलीबाईसाठी दुसरी साक्ष शोधत होतो. पाड्यातून लग्न होऊन खालच्या गावाला गेलेली एक म्हातारी मिळाली, लहानपणी त्या नाल्यावर पाणी भरायला जाणारी. तिला अर्धं आठवत होतं, अर्धं ती दुसऱ्याच नाल्याबद्दल बोलत होती. पण अंगठा जागेवरच घेतला.

पुढच्या तारखेला आम्ही कचेरीच्या फाटकाशी उभे होतो. हंगाम सुरू झालेला, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. जयसिंगने मला कोपर मारलं. पलीकडे रसवंतीच्या छपराखाली आबा. आमच्याकडे न बघता बघत होते.

गुलीबाईनेही पाहिलं. तिने पदर डोक्यावर सारखा केला आणि जयसिंगला म्हणाली, या वेळी मराठीत, माझ्यासाठीही असेल, "त्याला सांग, आत नको येऊ. पण थांब म्हण. थांबला पाहिजे."

जयसिंग निघाला. रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. एक ट्रॉली गेली, तिच्या मागे दुसरी जोडलेली, तिच्या मागे ट्रक, मग पुन्हा ट्रॉली, ऊस बाहेर लोंबणारा, धुळीने पलीकडचं काही दिसेना. आतून शिपायाने गुलीबाईचं नाव पुकारलं. रस्ता मोकळा झाला तेव्हा छपराखाली रसवाला होता आणि त्याचं यंत्र. जयसिंग पलीकडे गेला, छपराच्या मागे बघून आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि परत आला.

गुलीबाई पायरीवर थांबली होती. तिने विचारलं, "सांगितलं?"

जयसिंग हो म्हणाला.